माझी पाठ, मायचं बियाणं

मायच्या माहेरची लाल जवारी मी मारली. यमुनामावशीच्या कोंबड्यांनी नाही. एवढं बोलायला मला चार महिने लागले, लिहायला त्याहून जास्त.

तेलंगणात, आदिलाबादजवळच्या तामसीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. घर जवळच्याच गावात, आणि शेतीचा कारभार मायच्या, म्हणजे माझ्या आईच्या, हातात. मागच्या थंडीत माझी पाठ धरली. लोकांना मी सांगितलं, कापसाचं बोचकं उचललं. खरं म्हणजे टीव्हीचा रिमोट पलंगाखाली गेला होता. (कबुली द्यायचीच तर पूर्ण देतो.)

मोबाइलवर उपाय सापडला. सुती पिशवीत कोरडं धान्य शिवा, मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं फिरवा, पाठ शेका. मायक्रोवेव्ह घरात होता. हैदराबादला असलेल्या आमच्या पोरीनं दिलेला. त्यात फक्त माझा थंड झालेला चहा गरम होई. प्रश्न धान्याचा होता.

"थोडे तांदूळ दे," मी बायकोला, शोभाला म्हणालो.

"पाठीले बांधाले तांदूळ? पोटात का कमी जाऊन राह्यले तुमच्या?"

कोठीतल्या जवारीत सोंडेकिडे पडलेले. भाजलेले सोंडे पाठीशी घेऊन झोपायची माझी तयारी नव्हती. मग माळ्यावरचं गाडगं दिसलं. आत राख, कडुलिंबाचा पाला आणि टपोरी लाल जवारी. तोंड शेणानं लिंपलेलं. ते बियाणं आहे हे मला ठाऊक होतं. ही जवारी बाजारात मिळत नाही, माय लग्नात पदराला बांधून घेऊन आली आणि दरवर्षी राखून पेरते, हेही ठाऊक होतं. पण वाटलं, शेकू आणि परत ठेवू, बियाण्याचं काय जातं? (शेतकऱ्याचा मुलगा. वय बावन्न.) गाडगं रिकामं केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा शेण कालवून तोंड पुन्हा लिंपलं.

जुन्या परकराच्या तीन पिशव्या झाल्या. एक माझ्या पाठीला, एक मायच्या गुडघ्याला. तिसरी मायनंच यमुनामावशीला द्यायला लावली. मावशी शेजारच्या शेतातली, मायची तीस वर्षांची मैत्रीण.

"ऊब लय टिकते रे मारोती," माय गुडघा शेकत म्हणाली. "कोणती जवारी हाय ही?"

"बाजारची."

"वाटत नाई. दाणा भरीव हाय."

मी चहा गरम करायला उठलो.

पेरणी जवळ आली तशी माय म्हणाली, गाडगं काढ. मी घाईघाईनं दोन पिशव्या उसवल्या, राख कालवून दाणे गाडग्यात भरले. दाणे कमी का, असं मायनं विचारलं तर सांगायला उंदीर होते. तरी पेरणी वाचायचा... म्हणजे, मी पकडला जायचा एक मार्ग होता. माय दरसाल चिमूटभर बी ओल्या फडक्यात बांधून ठेवते, कोंब येतो का पाहते, मगच पेरते. ती फडकं शोधू लागली. भाजलेला दाणा उगवत नाही, एवढा उजेड एव्हाना माझ्या डोक्यात पडला होता.

"माय," मी म्हणालो, "घरचं बी. त्याची काऊन परीक्षा घ्याची?"

तिला वाटलं, पोराला आपल्या बियाण्याचा अभिमान आला. डोळे भरून आले तिचे. माझेही आले, कारण वेगळं.

कपाशीच्या कडेनं चार ओळी जवारीच्या पेरल्या. कपाशी उगवली, जवारीचं एक पातं नाही. माय बांधावर उभी राहिली तेव्हा मावशीच्या तीन कोंबड्या नेमक्या तिथेच उकरत होत्या.

"यमुने, तुह्या कोंबड्यायनं माहं बियाणं खाल्लं!"

"चार ओळीतलं सारं? कोंबड्या हायेत का टॅक्टर?"

"तुह्यासारख्याच हावऱ्या हायेत."

मी दोघींच्या मधे उभा होतो. एवढंच बोललो, "मोर बी येतात म्हणा."

बोलणं तुटलं. दोघी बाजाराला आदिलाबादच्या बसनं जोडीनं जायच्या. आता माय पुढे बसे, मावशी मागे. कंडक्टर सवयीनं मायला बायकांची फुकटची दोन तिकिटं देऊ लागला, तर माय तेलुगूत म्हणाली, "ओकटे." एकच. त्या दिवशी ती भाजी न घेताच परत आली.

चार महिन्यांनी मावशी दुकानात आधारकार्डाची झेरॉक्स काढायला आली. मायचं नाव काढलं नाही. म्हणाली, "तुह्या पिशवीनं गुडघा मोकळा झाला रे."

"किती मिनिटं गरम करता?"

"कशात? माह्या घरी कुठं हाय ते डबडं? टिनावर कवळ्या उन्हात ठेवली का झालं."

म्हणजे ती पिशवी भाजलीच नव्हती. मी शटर ओढलं आणि तिथेच सगळं सांगून टाकलं. मावशीनं आधारकार्ड कमरेला खोचलं.

"चार महिने माह्या कोंबड्या चोर," ती म्हणाली, "आन खरा चोर पाठ शेकून राह्यला. चाल घरी."

पिशवी घेऊन ती मला मायपुढे उभं करूनच थांबली. मायनं सगळं ऐकलं.

"म्हंजे गुडघ्यावर मीच भाजलं माहं बियाणं," ती म्हणाली. मग मावशीला, "बस न यमुने. उभी काऊन?"

दोघींनी मिळून पिशवी उसवली. दहा दाणे ओल्या फडक्यात बांधले. तिसऱ्या दिवशी मायनं फडकं माझ्या नाकासमोर उघडलं. नऊ कोंब.

"याले म्हणते परीक्षा."

आता उरलेलं बियाणं माळ्यावर नसतं. मायनं ते मायक्रोवेव्हमध्येच ठेवलंय, वायर काढून आणि दाराला नाडा बांधून. पाठ दुखली की मी ओसरीबाहेर उन्हात बसतो. बाजारातून परतताना दोघी समोरूनच जातात.

"बस, बस," मावशी म्हणते. "कोंब फुटला त आवाज दे."