मध्यम ते खवळलेला

बंदरावरच्या हवामान कार्यालयात वरच्या मजल्यावर एक चिमुकली खोली होती. बाहेरचा गलका आत येऊ नये म्हणून तिच्या दाराला आतून जुनी गादी ठोकली होती. त्या खोलीत बसून एक बाई सकाळ-संध्याकाळ रेडिओवर समुद्राची बातमी वाचायची. वारा कुठून, लाटा किती, लांबचं दिसेल की नाही आणि शेवटी लहान होड्यांनी निघावं की थांबावं. तिचा आवाज किनाऱ्यापासून पार शेवटच्या बेटापर्यंत प्रत्येक होडीत पोचायचा. नाव मात्र फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे तिला हवामानबाई म्हणायचे. बाजारात तिने अर्धा किलो कांदे मागितले, तरी शेजारी उभा असलेला एखादा खलाशी आधी आकाशाकडे बघायचा.

गंमत अशी, की बाईने स्वतः समुद्रात कधी पाऊल टाकलं नव्हतं. तिला बस लागायची, पाळणा लागायचा. एकदा तर लिफ्टसुद्धा लागली होती. लाटांचा आणि तिचा संबंध कागदापुरता.

तिची लेक दवाखान्यात नर्स होती. इंजिनाच्या पट्ट्यात बोट सापडलेला एक तरुण तिच्याकडे पट्टी बांधून घ्यायला आला, आणि बोट बरं झाल्यावरही येतच राहिला. तो समोरच्या बेटावरचा, बाप-लेक मिळून होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. लग्न ठरलं. त्याच्या आजीला आता होडीत चढवत नव्हतं, म्हणून मांडव बेटावर घालायचा असंही ठरलं.

"तू येशील ना ग, आई?" लेकीने विचारलं.

"डोळे मिटून बसेन. बादली तेवढी जवळ ठेवा," बाई म्हणाली.

लग्नाच्या आदल्या दिवशी घर पाहुण्यांनी गच्च भरलं होतं. बाई दुपारीच कामावर आली, म्हणजे संध्याकाळची बातमी वाचून मोकळं होता येईल. बाहेर आकाश धुतल्यासारखं निळं होतं. वारा नावालाही नव्हता. पण हवामानाचे साहेब टेबलावर नकाशा पसरून, कपाळाला हात लावून बसले होते.

"बाई, बसा जरा," ते म्हणाले. "खाली दक्षिणेला मोठं वादळ होऊन गेलंय. आपल्याकडे येणार नाही. पण त्याने उठवलेल्या लाटा निघाल्यात. उद्या उजाडता उजाडता इथे येतील."

"किती मोठ्या?"

साहेबांनी कागद पुढे सरकवला. बाईने वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"उद्या माझ्या मुलीचं लग्न आहे, साहेब."

"माहीत आहे. पत्रिका खिशातच आहे." साहेब खरोखरच ओशाळले होते. "मी सकाळपासून तीनदा मांडून बघितलं. दर वेळी तेच येतंय."

खबर घरी पोचली तशी मोठ्या नणंदेचा फोन आला. या नणंदेच्या शब्दाबाहेर घरातली मांजरही जात नसे.

"वहिनी, खिडकीतून बाहेर बघ. समुद्र थाळीसारखा सपाट आहे. इतकी माणसं खोळंबून ठेवायची? जरा सौम्य करून वाच ना. होडीवाले निघतील आपोआप."

"निघतील, म्हणूनच तर करता येत नाही, ताई."

"स्वतःच्या लेकीच्या लग्नात मोडता घालणारी आई मी पहिल्यांदाच बघतेय."

बाईने फोन ठेवला. तिला रडू आलं, पण बातमीची वेळ झाली होती. तिने घोटभर पाणी घेतलं, गादीचं दार लावून घेतलं आणि नेहमीच्याच सपाट आवाजात वाचलं. वारा मंद. आकाश निरभ्र. पहाटेपासून दक्षिणेकडून उंच लाटा, समुद्र खवळलेला ते अति खवळलेला. लहान होड्यांनी पुढची सूचना येईपर्यंत निघू नये.

घरी आली तेव्हा लेक पायरीवर बसली होती. बाई तिच्या शेजारी टेकली.

"रागावलीस?"

"ऐकताना रागावले होते," लेक म्हणाली. "मग त्याचा फोन आला. म्हणाला, तुझ्या आईने सांगितलं आहे म्हटल्यावर इथे एकाने वाद घातला नाही. त्याचे बाबा तर धक्क्यावर मांडलेल्या मांडवाच्या खुर्च्या उचलायला गेलेसुद्धा."

सकाळी ऊन पडलं होतं, पानही हलत नव्हतं, आणि समुद्र मात्र डोंगर चालत यावेत तसा येत होता. एकेक लाट धक्क्याची भिंत ओलांडून रस्त्यावर पाणी फेकत होती. पाहुणे गच्चीवरून आ वासून बघत राहिले. तेवढ्यात बेटावरून व्याह्यांचा फोन आला.

"विहीणबाई, तुमच्या लाटा पोचल्या बरं का. माल अगदी ठरल्याप्रमाणे आहे. आमच्या खुर्च्या कोरड्या आहेत, आणि म्हातारी विचारतेय, नातसून कधी पाठवताय?"

बाई इतकी हसली की फोन तिच्या हातातून सुटला.

मग घरात जी धमाल सुरू झाली, तिला तोड नाही. ज्यांना एक रात्र काढायची होती, ते मुक्कामाला राहिले. जिन्यात माणसं झोपली, न्हाणीघरापुढे रांग लागली, पत्त्यांचे डाव पडले. बाईचा नवरा शिंपी होता. जावयाच्या कोटाची काजं अजून व्हायची आहेत, हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. तो एकटाच मनातल्या मनात समुद्राचे आभार मानत सुई चालवत होता. जो तो बाईला गाठून विचारायचा, "मग, कधी सोडताय?" जणू समुद्राची किल्ली तिच्या पदराला होती. नणंद दिवसभर गच्चीवरच होती. संध्याकाळी तिने चहाचा कप आणून बाईपुढे ठेवला आणि म्हणाली, "गच्चीवरून बघितलं मी. आपली होडी त्यात असती तर..." बाईने तिला हाताला धरून खाली बसवलं आणि अर्धा चहा बशीत ओतून तिला दिला.

लाटा ओसरायला आणखी एक दिवस गेला. त्यानंतरच्या सकाळी बाई नवे कपडे घालूनच कार्यालयात गेली. कागदावर होतं: समुद्र मध्यम, लाटा उतरत्या, लहान होड्यांना हरकत नाही. आयुष्यभर सपाट राहिलेला आवाज त्या शेवटच्या वाक्याला हसला. सगळ्या किनाऱ्याने तो ऐकला. रेडिओवर होड्यांनी गप्पा मारायच्या नाहीत असा कडक नियम होता. तरी एक आवाज आला, "ऐकलं, बाई. अभिनंदन." मग दुसरा, तिसरा. साहेबांनी कानाला काही ऐकूच येत नसल्यासारखा चेहरा केला.

होडी धक्क्यापासून सुटली आणि पहिल्याच लाटेवर बाईचं पोट गळ्याशी आलं. दुसऱ्या लाटेला बादली लागली.

"तांडेल," तिने कशीबशी मान वर करून होडी चालवणाऱ्याला विचारलं, "समुद्र बिघडला का हो?"

"नाही, बाई. हा तुमचा मध्यम." तांडेल मिशीत हसत होता. "खवळलेला दाखवू का?"

होडीभर हशा पिकला. नणंद एका हाताने बाईची पाठ चोळत होती आणि दुसऱ्या हाताने स्वतःचे डोळे पुसत होती. बाईलाही हसू आवरेना. हसताना पुन्हा बादली लागली.

बेटावर तिला दोघांनी धरून उतरवलं. चेहरा कच्च्या लिंबासारखा, केस मिठाने ताठ. धक्क्यावर सगळं गाव उभं होतं, पण तिला ओळखणार कोण? ती "पाणी द्या जरा" म्हणाली आणि एक म्हातारा मच्छीमार पटकन पुढे झाला. "अरे, ह्याच त्या," तो म्हणाला, आणि मग जो तो हातात हात घ्यायला पुढे आला. लग्न लागलं. कोट जावयाला अगदी मापात बसला. आजीने नातसुनेला मांडीजवळ बसवून घेतलं आणि उठूच दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्याह्यांच्या ओसरीवर चहा झाला. कोपऱ्यातल्या रेडिओवर समुद्राची बातमी लागली. बाईच्या जागी तिची सहकारी वाचत होती.

"घाई करते ही मुलगी," विहीण म्हणाली.

"शिकेल," बाई म्हणाली. ती कान देऊन ऐकत होती. वारा मंद, समुद्र मध्यम. तिने कप खाली ठेवला आणि खडकांपलीकडच्या उघड्या पाण्याकडे बघितलं.

"व्याहीबुवा, तिकडे काय आहे?"

"तिकडे? खरा समुद्र."

"मग चला," बाई उठत म्हणाली. "बादली मी घेते."