वकीलसाहेबांच्या नावाचा अभिषेक

देवावरचा माझा विश्वास त्या वर्षी पार उडाला होता. नवरा आजारपणात गेला आणि परळीच्या सासऱ्यांनी माझी लहानगी लेक ठेवून घेऊन मला एकटीलाच दिंद्रुडला माहेरी धाडलं. मी दिवसदिवस भिंतीला टेकून बसायची. शेवटी आईनं मला जवळजवळ ओढतच बीडजवळच्या कपिलधारच्या देवस्थानाला नेलं. "एकदा पाय तर धर देवाचे," म्हणाली. मी मंदिरात गेले, पण काही मागावंसंच वाटलं नाही.

बाहेर धबधब्यापाशी बसून रडत होते, तेवढ्यात शेवाळावरून घसरून एक लठ्ठ गृहस्थ आमच्या समोरच पाण्यात बसले. त्यांची बायको-मुलं पोट धरून हसू लागली आणि तेही. रडता रडता मलाही हसू फुटलं, कितीतरी महिन्यांनी! आईनं हात देऊन त्यांना उठवलं.

"मावशी, ही रडतेय कशाला?" त्यांनी विचारलं.

"काय सांगू साहेब, हिच्या लेकीला सासरचे देईनात बगा."

ते बीडच्या कोर्टात वकील होते. ओल्या कपड्यांनिशी दगडावर बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "उद्या माझ्याकडे या," म्हणाले, "आणि ताई, रडायचं ते आजच रडून घे. कोर्टात मला तुझा आवाज लागणार आहे."

वकीलसाहेब यहुदी होते. कोकणातून आलेलं, पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलणारं घर. सासऱ्यांना ते एकही वाकडा शब्द बोलले नाहीत. उलट एकदा कोर्टाच्या व्हरांड्यात त्यांच्याशेजारी जाऊन बसले. म्हणाले, "आजोबा, मुलगा गेला, आता नातही तुटेल अशी भीती वाटते ना?"

सासऱ्यांचे डोळे भरून आले. "लई वाटती, साहेब."

"न्हाई तुटणार. मी हाय ना," साहेब त्यांच्याच बोलीत म्हणाले.

पुढच्या तारखेला सासरे लेकीला घेऊनच आले आणि आपल्या हातानं तिला माझ्या कडेवर दिलं. सुट्टीत तिनं आजोबांकडे जायचं, असं ठरलं.

तो शुक्रवार होता. वकीलसाहेब घाईघाईनं काळा कोट काढत म्हणाले, "आज सांजेपासून आमचा शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस. दिवस मावळायच्या आत घरी पोचायचं असतं. तुम्हीही जेवायला चला." शुक्रवारी कितीही मोठं काम असो, मुलं वाट बघतायत म्हणून ते असेच निघत.

घरी त्यांच्या पत्नीनं दिवे लावले, सगळ्यांना मनुकांचं सरबत दिलं. मग साहेबांनी एकेका मुलाच्या डोक्यावर हात ठेवून हळू आवाजात काही म्हटलं. माझी लेक न बोलावताच शेवटी जाऊन उभी राहिली! सगळे हसले, पण त्यांनी तिच्याही डोक्यावर तसाच, तितकाच वेळ हात ठेवला.

"काय म्हणलात, साहेब?" आईनं विचारलं.

"देव तुला सांभाळो."

"मंग हे तर आमी बी म्हणतो की!"

पुन्हा हशा. पानावर बसलेली मी मात्र मनातल्या मनात कुणाला तरी नमस्कार करत होते.

यंदा साहेब गेले, नातवंडांच्या गोतावळ्यात, समाधानानं. लेक आता कॉलेजात आहे. माझं मागणं कमी झालंय. काय द्यायचं आणि कुणाच्या हातून द्यायचं, ते देवावर सोडते.

परवा आम्ही मायलेकी परळीला वैजनाथाला गेलो. साहेबांच्या नावानं अभिषेक सांगितला. गुरुजींनी विचारलं, "गोत्र?"

मी गोंधळले. लेक पटकन म्हणाली, "आमचंच लावा."