हाताचा वेग

सुशीला गेल्याचं तिच्या मुलाने फोनवर सांगितलं. तो मला दोड्डम्मा म्हणतो, म्हणजे थोरली आई. "दोड्डम्मा, अम्मा गेली," एवढंच बोलला. मी कापड कापत होते. ते पुरं केलं, मग कात्री ठेवली. सुशीला माझी धाकटी जाऊ. दिवसकार्याला तिच्या कारखान्यातलं कुणी आलं नाही. मला नवल वाटलं नाही...

म्हैसुरात आमचं शिंप्याचं घर जुनं. सुशीला सून म्हणून आली तशी सासऱ्यांनी तिला मशीनवर बसवलं. हात असा चाले की ते म्हणत, "अगं, कापड घाबरेल." पण दुकानात दोघींना पुरेल एवढं काम नव्हतं, म्हणून ती मेटगळ्ळीला शर्टांच्या कारखान्यात लागली. तिथे बाह्या जोडायच्या. साहेब घड्याळ घेऊन तिच्या पाठीशी उभा राहिला आणि तिचा वेग तोच सगळ्या बायकांचा ठरवला.

एका रविवारी तिच्या ओळीतली पुट्टम्मा बन्नूरहून घरी आली. "स्वल्प निधान, अक्का," म्हणाली. जरा हळू. "तुझ्या पायाला मोटर आहे, आमच्या नाही. आम्हाला काढतील." सुशीला बरं म्हणाली. सोमवारी तिने पाय आवरून पाहिला. टाके वाकडे गेले, बाह्या उसवाव्या लागल्या, साहेबाच्या शिव्या खाल्ल्या. संध्याकाळी मला म्हणाली, "अक्का, मामंजींनी चालवायला शिकवलं, रेंगाळायला नाही." मंगळवारी पुन्हा तोच वेग.

अर्ध्या बायका काढल्या. पुट्टम्माही गेली. शर्ट तेवढेच निघत राहिले. माणसामागे काम वाढलं म्हणून साहेबाने म्हैसूरपाक वाटला. सुशीलाने खाल्ला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. खाल्ला. काढलेल्यांतल्या काही अगरबत्त्या वळायला बसल्या, काही भाताच्या शेतात परत गेल्या. तिथे हात वाढले, भात तेवढाच. कारखान्याची वाढ सगळ्यांना दिसली, शेतात माणसामागे झालेली घट कुणी बघितली नाही. आणि आमच्या शिंपीकामात काहीच हललं नाही. ब्लाऊजला सासऱ्यांना जेवढा वेळ लागे, तेवढाच मला आजही लागतो.

पुढे बाह्या जोडणारं यंत्र आलं आणि सुशीलाही घरी बसली. दुकानात यायला लागली, पण मागे कुणी उभं राहिलं की तिचा पाय थांबे. गिऱ्हाईक असो, मी असो. "अक्का, पुढे येऊन बोल," म्हणायची. शेवटी तिचं मशीन फिरवून दिलं, बसणाऱ्याची पाठ भिंतीला लागेल असं. त्या कोपऱ्यात उजेड नाही. डोळे अधू झाले तरी ती तिथेच बसली.

मशीन अजून तसंच आहे. त्या अंधारात त्यावर दुसऱ्या कुणाला काम करता येत नाही. तिचा मुलगा विचारतो, फिरवून घेऊ का. फिरवायलाच हवं, जागा अडते... मी अजून हो म्हटलेलं नाही.