मनोहर आजोबांचे खांदेकरी

मुलांनो, आपल्या शेजारचे हाडांचे डॉक्टर, तुमचे मनोहर आजोबा, गेल्याला आता महिना होईल. त्या सकाळी सुमनआजीचा फोन आला तेव्हा मी टोस्टला लोणी लावत होते. "वहिनी, हे गेले हो…" म्हणून ती थांबली आणि मग म्हणाली, "खांद्याला माणसं मिळतील ना? ह्यांना ट्रॉलीवरून नेऊ देऊ नका. सामान आहेत का ते?" त्यांना मूलबाळ नाही, आणि आयर्लंडातल्या आपल्या या मलिंगार गावात मराठी घरे सहा. मी लगेच यादी केली. दोन कुटुंबे पुण्याला गेलेली, एकाच्या कमरेचे ऑपरेशन झालेले, तुमच्या आजोबांचे गुडघे तुम्हाला ठाऊकच आहेत. बेरीज अडीच आली.

मनोहर आजोबा इथे आले त्या पहिल्याच आठवड्यात पोलीस ठाण्यात नाव नोंदवायला निघाले. रस्त्यात मोठी रांग दिसली, तीच असणार म्हणून पासपोर्ट हातात धरून उभे राहिले. अर्ध्या तासाने पाहतात तो समोर शवपेटी आणि शेजारी विधवा बाई! तिने त्यांचे दोन्ही हात धरून विचारले, "तुम्ही कसे ओळखायचात ह्यांना?" यांना खोटे बोलता येईना. "नव्हतो ओळखत… पण भला माणूस दिसतो." ती रडता रडता हसली आणि यांना चहाला बसवले. तेव्हापासून गावातले एक मयत त्यांनी चुकवले नाही. पाहुण्यांना इंग्रजांच्या पलटणीच्या जुन्या बराकी दाखवायला न्यायचे, पण वाटेतल्या दारादाराशी थांबून इथे कोण गेले आणि मयताच्या चहाबरोबर सँडविच कसले होते, तेच सांगायचे. "लग्नाला वेळ नसतो, मयताला बरा मिळतो!" असे सुमन म्हणाली की म्हणत, "लग्नाला बोलावणं लागतं."

अंत्ययात्रेच्या दिवशी आम्ही दार उघडले तर रांग कालव्याच्या पुलापर्यंत गेलेली. अंत्यविधीची व्यवस्था पाहणारे शॉन सुमनजवळ येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, खांद्याला सव्वीस जण आहेत." इथे एका वेळी सहा लागतात. दर दिव्याच्या खांबाला माणसे बदलायची ठरली, पण सोडायला कोणी तयार होईना. "माझा गुडघा त्यांनी बसवलाय, मी नाही हटणार!" "अरे, माझे दोन्ही खुबे त्यांचेच!" असे करत करत रस्ता संपला, शववाहिकेचे दार उघडले, आणि पोस्टमन मायकल आणि बेकरीवाली नोरा यांची पाळी राहूनच गेली. नोरा बाह्या सरसावून तशीच उभी. सुमनने डोळे पुसले. "असं कसं? एक फेरी आणखी मारा."

डब्लिनच्या दहनगृहात वेळ ठरलेली होती आणि ती टळणार, हे तिला सांगणे माझे काम होते… मी शॉनकडे वळले आणि म्हटले, "फिरवा मागे."