मास्तरांनी वाचलेली पाटी

केळीचं पान विस्तवावर धरलं, की त्या वासासरशी मी वटार गावातल्या माझ्या लहानपणीच्या शाळेत जाते. स्वातंत्र्य नुकतंच मिळालेलं. भर दुपारी खिडक्यांना केळीची पानं बांधून अंधार केला होता; उन्हाने ती तापून हाच वास सुटला होता. आमच्या चर्चच्या फादरनी एका इंग्रजी कादंबरीवरचा जुना मूकपट आणला होता. पडद्यावरच्या इंग्रजी पाट्या मास्तर मराठीत सांगत होते.

शेवटी आजारी नायिकेने डोळे मिटले आणि पाटी आली. मास्तर थबकले. माझी आई घरी तापाने फणफणली होती, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. माझ्याकडे वळून ते म्हणाले, "झोपलीय ती. ताप उतरलाय."

मी धावत जाऊन आईला तेच सांगितलं.

पुढे कॉलेजात ती कादंबरी वाचली. नायिका मरते.

फादरना इंग्रजी उत्तम येत होतं. त्या दुपारी मास्तरांच्या त्या वाक्यावर पहिली टाळी त्यांनीच वाजवली होती.