व्याह्यांसाठी तलवार: क्वेकर्स हिल ते ग्लेन इनिस

होणाऱ्या व्याह्यांना भेटायला जाताना लोक मिठाई नेतात, फार तर शाल नेतात. आम्ही तलवार नेली. तेव्हा तुम्ही ऑस्ट्रेलियातल्या न्यू इंग्लंडच्या पठारावर जायचा बेत करत असाल, तर रस्त्याची, खाण्याची माहिती खाली आहेच, पण सामानाच्या बाबतीत माझं अनुकरण करू नका.

आमच्या सईचं लग्न कॅलमशी ठरलं. त्याचे वडील इवन ग्लेन इनिसजवळ मेंढ्या पाळतात, आणि घराणं मूळचं स्कॉटलंडचं. माझा नवरा मिलिंद पॅरामॅटाला बँकेच्या आयटीत आहे. बातमी ऐकून तो फक्त "बरं" म्हणाला आणि गॅरेजमध्ये गेला. पुढचे कित्येक वीकेंड तो तिथेच होता. व्हिडिओ बघून बघून त्याने व्याह्यांसाठी जुन्या स्कॉटिश पद्धतीची तलवार करायला घेतली. या तलवारीच्या मुठीभोवती लोखंडी पट्ट्यांची जाळीदार टोपली असते, त्यात हात घालून ती धरायची. पट्ट्या कापायच्या, छोट्या गॅसभट्टीत लाल करायच्या, ठोकून गोल वाकवायच्या, मग जोडायच्या. त्या टोपलीवर पत्त्यातल्या बदामासारखी भोकं पाडायचीही रीत आहे. इतक्या वर्षांच्या संसारात मला या माणसाकडून एक बदाम मिळालेला नाही, व्याह्यांना मात्र ओळीने मिळाले. टोपलीला आतून लाल कापडाचं अस्तर लागतं, त्यासाठी माझा खणाचा नवा ब्लाउजपीस गेला. विचारायची पद्धत आमच्या घरी नाही.

मी चेष्टा करत होते खरी, पण आतून घाबरले होते. लग्नाबद्दल हा माणूस हो म्हणत नव्हता की नाही म्हणत नव्हता. सई विचारायची, "आई, इज ही ओके विथ इट?" मी गॅरेजकडे बोट दाखवायचे.

शुक्रवारी सकाळी सिडनीतल्या आमच्या क्वेकर्स हिलहून निघालो. तलवार सतरंजीत गुंडाळून डिकीत. धार मुद्दाम ठेवली नव्हती, आणि अशी वस्तू नेण्याचे नियम मिलिंदने आधी वाचून ठेवले होते. सिडनीबाहेर पडून हंटर खोऱ्याच्या बाजूने न्यू इंग्लंड हायवेला लागायचं. रस्ता उत्तम आहे, पण खाणींच्या भागात ट्रक पुष्कळ. सिंगलटनला कॉफी घेतली. टॅमवर्थला बागेत बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, सईने शेजारच्या बेकरीतून मीट-पाय, म्हणजे खिमा भरलेली पेस्ट्री, आणली आणि शेवटी आमच्या दशम्याही संपवल्या.

तिथेच तिने विचारलं, "बाबा, डिड यू इव्हन मेजर हिज हॅंड?"

"आहेर कोणी माप विचारून देतं का?" मिलिंद म्हणाला.

"इट्स नॉट अ साडी, बाबा!"

"मूठ घट्टच असावी लागते. मी माझ्या हाताने बघितलीये."

सईने माझ्याकडे पाहिलं, मी चटणीच्या डब्याकडे. पुण्याच्या माणसाने "मी बघितलंय" म्हटलं की विषय संपतो.

आर्मिडेलला पेट्रोल भरायला उतरलो तर थंडीने दात वाजायला लागले, स्वेटर हाताशीच ठेवा. अंधार पडायच्या आत पोचा, संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात. ग्लेन इनिसचं आमचं मोटेल साधंच होतं, पण गादीवर विजेवर तापणारी चादर होती. मला तेवढ्यावर ते पंचतारांकित वाटलं. सकाळी गावाबाहेरचे उभे दगड पाहिले. ग्रॅनाइटचे हे प्रचंड दगड स्कॉटिश-आयरिश पूर्वजांची आठवण म्हणून उभारलेत. मिलिंद खाली मान घालून त्यांच्यामधून चालत राहिला. फोटोला उभा राहिला नाही.

मग शेतावर. कॅलमने दार उघडलं आणि त्याच्यामागून इवन आले. मी त्यांचे हात पाहिले आणि मला घाम फुटला. जन्मभर मेंढ्या धरलेले, पाट्याएवढे पंजे! मिलिंदने तलवारीला कुंकू लावलं आणि दोन्ही हातांवर धरून पुढे केली.

"यू मेड धिस? अॅट होम?" इवन म्हणाले. त्यांनी टोपलीत हात घातला. तो अडला. त्यांनी आदरापोटी जोर लावला आणि हात आत गेला.

आणि बाहेर येईना.

माझ्या पर्समध्ये खोबरेल तेलाची बाटली असते, यावरून सई मला नेहमी हसते. त्या दिवशी कोणी हसलं नाही. मी होणाऱ्या व्याह्यांच्या मनगटावर तेल ओतलं, कॅलमने खेचलं, हात सुटला. सगळी बोटं लालभडक.

"नो वरीज, मेट," इवन म्हणाले, "भिंतीवर छान दिसेल."

ते चांगुलपणाने बोलले, पण मिलिंदचा चेहरा पडला. त्याने तलवार पुन्हा सतरंजीत गुंडाळली. जेवताना तो इवन यांच्या हाताकडेच बघत होता. भोपळ्याचं सूप ढवळताना मला वाटलं, आता हे लग्न कडू होणार.

प्लेट बाजूला सारून त्याने एकदम विचारलं, "तुमच्याकडे ग्राइंडर आहे?"

"नको, मेट. इतकी मेहनत केलीयेस, कापू नकोस."

"भिंतीसाठी नाही केली मी."

दोघं पत्र्याच्या शेडमध्ये गेले. मिलिंदने स्वतःच्या हाताने ती टोपली कापली. बऱ्याच वेळाने मी आल्याचा चहा घेऊन गेले, तर दाराशीच थबकले. इवन यांनी चिमट्यात पट्टी धरली होती आणि मिलिंद हातोडीने ती वाकवत, वर न बघता, त्याच्या ऑफिसच्या इंग्रजीत सांगत होता.

"भूक लागली की सई सांगत नाही. भांडते. आधी खायला द्यायचं, मग वाद."

"राइट. फीड फर्स्ट."

"दार आपटलं तर मागे जायचं नाही. ती स्वतः येते. उशीर लावते, पण येते."

"कॅलमला सांगतो. आणखी?"

आणखी बरंच होतं. चहावर साय धरेपर्यंत मी ऐकत उभी राहिले. बाप म्हणून जेवढं साठवलं होतं, तेवढं तो देऊन टाकत होता.

संध्याकाळी इवन यांचा हात आत गेला आणि बाहेरही आला. टोपली रुंद झाल्याने खणाचं अस्तर अपुरं पडलं, मध्ये बोटभर फट राहिली. ती तशीच राहू दे, असा त्यांनी हट्ट धरला.

सई तिथेच थोडे दिवस राहिली. रविवारी आम्ही दोघं परतलो, गाडी मी चालवली, टॅमवर्थला ट्रॅफिक नव्हतं, मिलिंद वाटेत झोपलासुद्धा. घरी येऊन मी वरणभाताचा कुकर लावला. मिलिंदला गॅरेजमध्ये जायचं काही कारण उरलं नव्हतं. एवढ्यात सईचा फोन आला. मी तो स्पीकरवर टाकला.

"आई, हे लोक मला दर तासाला खायला देतायत! सिरियसली! मी जरा मोठ्याने बोलले तरी कॅलमचे बाबा टोस्ट आणतात. बाबांनी काय सांगितलंय त्यांना?"

मिलिंदने माझ्या हातातून फोन घेतला. लग्न ठरल्यापासून याविषयी तो पहिल्यांदाच तिच्याशी बोलला.

"खा मग," तो म्हणाला. "चांगली माणसं आहेत."