मामाच्या जागी मामी

मामीला हळू बोलताच यायचं नाही. हातकणंगल्याला आपल्या घरात तिनं कुणाला चहाचं विचारलं, तर ते तिसऱ्या घरात ऐकू जायचं. आमच्या राजारामपुरीतल्या दोन खोल्यांत ती आली, की आई आधी खिडकी लावून घ्यायची. मामी ती पुन्हा उघडायची. "उकडतंय की. आपण काय चोरी करतोय व्हय?"

माझं लग्न ठरलं त्या वर्षी आमच्या घरात सगळेच कुजबुजत होते. बाबा कापडाच्या दुकानात कामाला होते. दिवाळीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. नोकरी गेली, साठवलेलं दवाखान्यात गेलं. जीभ इतकी जड झाली, की एकेक शब्द ओढून काढावा लागायचा. मुलगा गडमुडशिंगीचा, कारखान्यात नोकरीला, माणसं बरी. पण बाबांनी हट्टच धरला होता. हॉल पाहिजे, बँड पाहिजे, आणि त्यासाठी गावाकडचा उरलेला जमिनीचा तुकडा विकायचा. आई स्वयंपाकघरात रडायची, त्यांच्यासमोर काही बोलायची नाही.

मामीला हे कळलं तशी ती सकाळच्या एसटीनं आली. मामा जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. पिशवीतली वांगी तिनं आईपुढं ओतली आणि बाबांसमोर मांडी घालून बसली.

"दाजी, माझ्या बापानं माझं लग्न लई थाटात केलतं. दारातल्या म्हशी त्यात गेल्या. लोक जेवून गेले, आन् माझी धाकटी भैन शाळा सोडून लोकांच्या रानात खुरपायला गेली. तिच्यापुढं अजून माझी मान वर होत न्हाय."

बाबांनी तोंड फिरवलं. मामी सरकून पुन्हा त्यांच्यासमोर आली. मग म्हणाली, "सगळंच नगं म्हणत न्हाय मी. एकच गोष्ट सांगा. ती झाली न्हाय तर पोरीचं लग्न झाल्यागत वाटणारच न्हाय, अशी. तेवढी करू. बाकीचं माझ्यावर सोडा."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मामाच्या... जागी... तुम्ही."

अक्षतांच्या वेळी नवरीच्या पाठीशी तिचा मामा उभा राहतो. माझा मामा नव्हता. आणि मामा गेल्यापासून मामी कुठल्याही लग्नात मांडवात पुढं आली नव्हती; चुलीकडं बसायची, भांडी विसळायची, तिथूनच हात जोडायची. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही.

मामीचा आवाज मी पहिल्यांदाच इतका खाली गेलेला ऐकला. "ते सोडून बोला, दाजी."

"मग... हॉल," बाबा म्हणाले.

आईला रडता रडता हसू फुटलं. मामीनं पदरानं डोळे पुसले आणि मान हलवली. "बरं. हुबी ऱ्हाते."

त्यानंतर ती जी सुटली, ती लग्न लागेपर्यंत. गडमुडशिंगीला जाऊन मुलाकडच्यांना तिनं उंबऱ्यातच सांगितलं, "पावणं, आमच्याकडं पैसा न्हाय. झाकून ठेवून तुम्हाला फसवायचं न्हाय मला." माझे सासरे म्हणाले, "झाकणारं आम्हीबी न्हाय. सांगा, कसं करायचं?" मग सगळं सोपं झालं. मांडव हातकणंगल्याला मामीच्याच अंगणात, पत्रिका फोनवर, दागिने आईचेच पॉलिश करून. फुलांचं तोरण तिनं यादीतून खोडलं, पण बुंदी दुप्पट सांगितली. "फुलं कुणाच्या ध्यानात ऱ्हात्यात? माणूस उपाशी उठला तर ते जन्मभर ध्यानात ऱ्हातं."

लग्नाच्या दिवशी मी पाटावर उभी राहिले. अंतरपाट धरला गेला. मामी हात पुसत चुलीकडून आली आणि माझ्या मागं उभी राहिली. भावकीतली एक वयस्क बाई मोठ्यानं म्हणाली, "अगं, आजच्या दिवशी तरी नगं बाई. सवाष्ण बघा कुणीतरी."

मामी एक पाऊल मागं सरली. "व्हय, खरं हाय," ती पुटपुटली. "माझ्यामुळं पोरीला कायबी नगं."

मी वळून तिचा हात धरला. बाबा खुर्चीवरून उठायची धडपड करत होते. ओठ हलत होते, पण शब्द निघत नव्हता. तेवढ्यात अंतरपाटापलीकडून माझे सासरे म्हणाले, "मामी, या की पुढं. तुम्ही हुबं ऱ्हायल्याशिवाय आमच्याकडनं अक्षता पडायच्या न्हाईत."

मामी आली. मंगलाष्टकं संपेपर्यंत तिचा हात माझ्या पाठीवर होता. बुंदीचे लाडू वळून खरखरीत झालेला.

त्यानंतर ती मांडवात पुढं बसायला लागली. अडलेल्या घरांतून तिला बोलावणी यायची. कुणाची पोरगी, कुणाची पुतणी. पोरीच्या बापासमोर मांडी घालून बसायची आणि विचारायची, "एकच गोष्ट सांगा." बापांना पटकन उत्तर देता यायचं नाही, असं ती मला सांगायची. बहुतेकांना आधी रडू यायचं.

गेल्या पौषात मामी गेली. आम्ही पोचलो तेव्हा तिच्या अंगणात माणसं दाटली होती. ज्या पोरींची लग्नं तिनं उरकून दिली, त्या कडेवर लेकरं घेऊन आल्या होत्या. अग्नी कोण देणार, यावर भावकीत हळू आवाजात बोलणं चाललं होतं. कुणी दिराचं नाव घेतलं, कुणी पुतण्याचं.

बाबा काठी टेकत पुढं झाले. सगळे थांबले. त्यांना वेळ लागला, पण त्या दिवशी कुणी घाई केली नाही.

"माझी... लेक... देईल."

मी मडकं हातात घेतलं आणि चालू लागले. बाबा स्मशानापर्यंत माझ्या मागून चालत आले.